शेऱ्याचा रकाना

त्या वर्षाची आठवण काढायला बसलो की आधी पाय आठवतात. डावी वहाण अंगठ्याशी चावायची, उजवी टाचेला. शनिवारी संध्याकाळी धुळ्याच्या मोटारस्टँडवर उतरलो की अक्काच्या घरापर्यंतचं अंतर मी वहाणा हातात घेऊन चालायचो. लोक बघायचे, मी बघू द्यायचो. एकोणिसाव्या वर्षी माणसाला लाज वाटायला हवी, पण लाजायलाही थोडं त्राण लागतं आणि ते मी सोमवार ते शनिवार दोंडाईच्याच्या आसपासच्या खेड्यांत संपवून आलेलो असायचो. आज गुडघे धरून उठतो तेव्हा सून म्हणते, बाबा, वय झालं. मी हो म्हणतो. खरं म्हणजे हे गुडघे त्याच वर्षी म्हातारे झाले. बाकीचा मी सावकाश त्यांच्या मागून आलो.

अक्का म्हणजे माझी सख्खी आत्या. तिचं घर गिरणीपासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्या आणि पुढे शेणानं सारवलेलं अंगण. घरात घड्याळ नव्हतं, लागतही नव्हतं; गिरणीचा भोंगा झाला की चूल पेटायची, दुसरा झाला की तिचे यजमान, नाना, डबा घेऊन निघायचे. नाना गिरणीत मागावर होते. वीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे त्या घरात सगळं ओरडून बोलावं लागायचं. मीठ द्या हेही ओरडून आणि शेजारची भागाबाई माहेरी का गेली हेही ओरडून. अक्का एखादी खाजगी गोष्ट नानांना सांगायला लागली की पलीकडच्या घरातली भांडी घासायची थांबत. ‘तुझ्या घरात काही झाकून राहत नाही,’ असं मी तिला चिडवायचो. ती म्हणायची, ‘झाकायचं ते मी यांना सांगतच नाही.’ हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. ते नीट ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

मी मूळचा जळगावचा. वडील तिथं शाळामास्तर. मी डॉक्टर व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती आणि इंटर सायन्सला मी असा काही आपटलो की त्या इच्छेचं नावही घरात निघेनासं झालं. वडिलांच्या ओळखीतल्या कुणीतरी धुळ्याच्या बाजूला देवी काढणाऱ्याच्या जागेवर लावून दिलं. देवी काढणं म्हणजे देवीची लस टोचणं. डॉक्टर नाही तर निदान देवीडॉक्टर झाला, असं माझे मामा पंगतीत मोठ्यानं म्हणाले आणि सगळे हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी पानातली कळण्याची भाकरी मोडून तशीच ठेवली. नोकरी हंगामी होती. एका हंगामात काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर परत जळगाव. परत म्हणजे पुन्हा त्या भाकरीसमोर बसायचं. मला कायम व्हायचंच होतं. त्या वर्षी याहून वेगळं काही मला नको होतं.

धुळ्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस शिकवलं. लसीची काचेची बारीक नळी कशी मोडायची, ओल्या फडक्यात कशी गार ठेवायची, दातेरी फिरकी दंडावर टेकवून कशी फिरवायची, आठ दिवसांनी जाऊन फोड उठला का ते कसं बघायचं. आमचे जुने हेडव्हॅक्सिनेटर वही कशी भरायची हेही शिकवत, आणि ते टोचण्याहून जास्त मन लावून शिकवत. मुलाचं नाव, बापाचं नाव, वय, तारीख, फोड उठला की नाही, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना कोरा सोडायचा नाही, असं ते बजावत. कोरा शेरा म्हणजे कामचुकार माणूस. मास्तरांचा मुलगा असल्यामुळे मला वही भरायला शिकवावं लागलं नाही. माझं अक्षर बघून त्यांनी ती वही बाकीच्यांना दाखवली होती. मुलांपर्यंत पोचायचं कसं, हे मात्र पंधरा दिवसांत कुणी सांगितलं नाही. बहुधा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

कारण गावात मुलंच नसायची. मी पिशवी घेऊन गल्लीत शिरलो की दारं लागत. ‘घरमा पोऱ्या नही,’ असं दाराआडून उत्तर यायचं आणि ते चालू असतानाच आत कुणीतरी रडणाऱ्याचं तोंड दाबायचं. कपाशीच्या ढिगाऱ्यामागं, कणगीत, एकदा तर गव्हाणीत वैरणीखाली मुलं लपवलेली मी पाहिली. लोकांचंही चूक नव्हतं. टोचल्यावर ताप येतो, हात सुजतो, आणि देवी म्हणजे देवीच. तिच्या वाटेत सरकारनं फिरकी घेऊन उभं राहणं त्यांना बरं दिसत नव्हतं. जी दोनचार मुलं हाती लागत ती एवढी किंचाळत की उरलेली गल्ली मोकळी होई. रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात पडल्यापडल्या मी वहीतल्या ओळी बघायचो. पान अर्धंही भरलेलं नसायचं. शेऱ्यात मी सुवाच्य अक्षरात लिहायचो, ‘ग्रामस्थांचे सहकार्य नाही.’

निंबखेड्यात पहिल्यांदा दगडूआबांची गाठ पडली. ते कासार. सात गावांची त्यांची फेरी होती, खांद्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा, हातात तेलाची कुपी. साठीचे असावेत. तोंडावर देवीचे वण इतके दाट की गालाला सपाट जागा म्हणून नव्हती. मारुतीच्या पारावर मी एका पाचसहा वर्षांच्या पोरीचं मनगट धरून तिला ओढत होतो आणि तिची आई मला शिव्या देत होती. आबा माळा खाली ठेवून शांतपणे बघत बसले होते. पोरगी हात सोडवून पळाली तेव्हा ते म्हणाले, ‘मास्तर, हाऊ पोरना हात शे, बैलनी वेसन नही.’

मला राग आला. मी इंटरपर्यंत शिकलेला, खात्याचा माणूस, आणि हा बांगड्या विकणारा मला शिकवणार. पण अंगात भांडायचं बळ नव्हतं आणि पारावर सावली होती, म्हणून बसलो. अक्कानं दिलेली भाकरी आणि ठेचा सोडला, त्यांनी त्यांच्या फडक्यातले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कांदा सोडला. जेवून झाल्यावर त्यांनी माझा हात मागितला. मी दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला, मग अंगठा तळव्यात दुमडून सगळा पंजा एका मुठीत घेतला. मला कळलंच नाही केव्हा. एक मोठी बांगडी माझ्या मनगटात होती. ते हसले. ‘पहिले बोलानं, मंग धरानं. हातले समजी जास, समोरला घाईमा शे का नही. मी आधी माय म्हनस, मंग हात मांगस.’

आमच्याकडे बाईच्या हाताला नवऱ्याशिवाय हात लावणारा पुरुष एकच, तो कासार. बायका बांगड्या भरून घेतल्या की त्याला वाकून नमस्कार करतात. मी हे लहानपणापासून बघत आलो होतो आणि माझ्या धंद्याशी त्याचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दुपारनंतर आठवड्यातून दोनतीनदा आमच्या वाटा जुळू लागल्या. मी काही दारांशी त्यांच्यामागून बसून बघायचो. ते कधी ‘बांगडी फुटली’ म्हणत नसत, ‘वाढली’ म्हणत. मला म्हणाले, तुम्हीही टोचतो म्हणू नका, हात भरतो म्हणा. ते दुखऱ्या हाताआधी दुसरा हात मागत. बांगडी सांध्यावर अडली की नेमका त्याच क्षणी प्रश्न विचारत, म्हैस व्याली का, भाऊ आला का, आणि बाई उत्तर देईपर्यंत बांगडी आत. मी तेच केलं. फिरकी टेकवायच्या क्षणाला मुलाला विचारायचो, तुझ्या बैलाचं नाव काय रे? पोरगं विचार करायचं आणि तेवढ्यात काम व्हायचं. रडणं थांबलं असं म्हणत नाही, पण किंचाळणं थांबलं. दंडावरचा गोल वण बघून बायका त्याला सरकारी बांगडी म्हणायला लागल्या. दोन महिन्यांत मला दारात बसायला पोतं मिळू लागलं.

माझी नात पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. तिला म्हणे दर महिन्याला एका हॉटेलात जावं लागतं, तिथं वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं जमतात, उभ्यानं खातात आणि एकमेकांना कार्डं देतात. नेटवर्किंग म्हणतात त्याला. आपल्याच क्षेत्रातल्या माणसांत राहिलं तर वाढ खुंटते, असं तिच्या साहेबांचं म्हणणं. ‘आजोबा, तुमच्या वेळी होतं का असं काही?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, होतं, पण उभ्यानं खात नव्हतो. ती हसली. पुढचं मी तिला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे शेवटपर्यंत सांगावं लागलं असतं, आणि ती दमून आली होती.

आबांनी मला हात धरायला शिकवलं तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण लपवलेली मुलं अजून लपलेलीच होती. तान्ही मुलं तर कुणी दाखवतच नसे, आणि मला हवी होती तीच. एकदा वाटेत मी त्यांना सरळच विचारलं, तुम्ही घराघरात जाता, कुणाकडे बाळ आहे तुम्हाला माहीत असेल. ते चालत राहिले. नाल्याशी आलो, पाणी प्यालो. मग स्वतःच्या गालावरून बोट फिरवत म्हणाले, ‘आम्ही पाच भावंडं व्हतूत. देवी उन्यात नि चार लई गयात. मन्हं नुसतं तोंड खाई गयात.’ एवढंच. पुढच्या गावाच्या शिवेवर मात्र ते थांबले आणि दुसरीकडे बघत, हवेला सांगावं तसं म्हणाले, ‘वरली आळीमा मनगट्या तीन गयात.’

मनगटी म्हणजे तान्ह्या बाळाच्या हातात दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ती काळ्या मण्यांची. ती कासाराकडेच मिळते. वरच्या आळीत तीन जोड विकले गेले म्हणजे वरच्या आळीत तीन तान्ही बाळं. त्यांनी घर सांगितलं नाही, नाव सांगितलं नाही. कुणी त्यांना देवापुढे उभं करून विचारलं असतं, तू कुणाचं काही फोडलंस का, तर ते नाही म्हणू शकले असते. तेवढी जागा त्यांनी स्वतःसाठी राखली होती, आणि माझ्यासाठीही. मी वरच्या आळीत गेलो, तीनही घरं शोधली, हात भरले. त्यानंतर प्रत्येक शिवेवर असंच. खालची आळी, दोन. नदीकडची घरं, एक. माझ्या वहीची पानं भरायला लागली. हेडव्हॅक्सिनेटरांनी धुळ्यात माझी पाठ थोपटली. शनिवारी मी वहाणा पायात घालून घरी येऊ लागलो.

निंबखेड्याच्या गणपत पाटलांच्या घरचं बाळ असंच कळलं. पाटलांच्या सुनेची आधीची दोन गेली होती, म्हणून हा मुलगा झाल्याचं गावातही कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या दारानं आबांना बोलावून मनगटी घेतली होती. ‘चावडीमांगे, एक,’ एवढंच आबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच पुढे म्हणाले, ‘सांभाळीसन, मास्तर.’ चावडीमागं एकच घर होतं. मी गेलो. पाटलांची आई दारात आली. मी बाळाचं नाव काढताच तिचा चेहरा पांढरा पडला. ‘तुले कोनी सांगं?’ मी म्हटलं, सरकारी वहीत आहे, माई. सरकारी वहीला ती घाबरली. बाळाचा हात मी आयुष्यात धरला नसेल इतका हलका धरला. तीन दिवस त्याला ताप आला, त्या तीन दिवसांत मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. चौथ्या दिवशी उतरला. आठव्या दिवशी फोड टपोरा उठला होता आणि बाळ माझ्याकडे बघून हसलं.

त्या संध्याकाळी मी शाळेच्या वऱ्हांड्यात वही भरायला बसलो. मन भरून आलं होतं. माझे वडील मुलांना नेहमी सांगत, ज्याच्याकडून शिकलात त्याचं नाव घ्या. न घेणं ही चोरी. मला वाटलं, ही सगळी पानं काही माझ्या एकट्याची नाहीत. दुसऱ्या दिवशी वाटेत आबांना विचारलं, आबा, तुमचं पूर्ण नाव काय? ‘मन्हं नाव कसाले, मास्तर?’ ते म्हणाले. मी म्हटलं, असंच, माहीत असावं म्हणून. ते थांबले. खांद्यावरच्या माळा सारख्या केल्या आणि शाळेत हजेरी द्यावी तसं नाव, बापाचं नाव, आडनाव असं सगळं सांगितलं. ‘बापनं नाव कोनी इचारत नही आते,’ असंही म्हणाले. ते खूश झाले होते. ते खूश झाले होते हे मला अजूनही सहन होत नाही. मी पाटलांच्या बाळाच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात, माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘या व मागील सर्व अर्भकांची माहिती कासार श्री.’ आणि पुढे ते पूर्ण नाव, ‘यांचेकडून मिळाली. त्यांचे सहकार्य बहुमोल.’

हंगामाच्या शेवटी मोठे साहेब तपासणीला आले. त्यांना वाईट म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. खादी घालत, मुलांशी गोड बोलत, लोकांचं आणि सरकारचं नातं जुळलं पाहिजे असं कळकळीनं सांगत. निंबखेड्याच्या चावडीत त्यांनी माझी वही चाळली, शेरा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, झालो कायम. त्यांनी तलाठ्याला नारळ आणि हार आणायला सांगितलं. आबा त्या दिवशी गावातच होते. त्यांना बोलावणं गेलं तेव्हा ते कुणाच्या तरी ओसरीवर हात भरत होते. अर्धा डझन भरून, अर्धा ठेवून, तेल लागलेल्या हातांनी ते तसेच आले. गणपत पाटील लोडाशी बसले होते. बायका बाहेर कुडाशी उभ्या. साहेबांनी तो शेरा मोठ्यानं वाचून दाखवला. एकदा वाचला, आणि मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा वाचला. गावोगावी असे नागरिक हवेत, म्हणाले.

आबांनी हार घालून घेतला. नारळ दोन्ही हातांत धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी कुडाकडे बघितलं. पाटलांची आई एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या गच्च धरून उभी होती. एक एक करून बायका मागे सरकल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, तलाठ्यानं वाजवल्या, पाटलांनीही वाजवल्या, आणि मला काहीतरी मोडल्यासारखं वाटलं, पण काय ते त्या क्षणी नीट कळलं नाही. खरंच कळलं नाही. मी एवढा शिकलेला होतो.

ते मला अक्कानं सांगितलं. शनिवारी मी घडलेलं सगळं ओरडून सांगत होतो, नानांसाठी. ती पोळपाटावर बिबड्याचं पीठ थापत होती. हार आणि नारळाशी आलो तेव्हा तिचा हात थांबला. ‘नाव लिहिलंस? कासाराचं?’ मी म्हटलं, आभार म्हणून. ती एवढी हळू बोलली की नानांनी काय काय म्हणून दोनदा विचारलं. ‘अरे, कासारापुढे हात केला की बाई मोकळी होते. कितवा महिना, नवऱ्यानं हात टाकला का, आधीच्या बांगड्या कशानं वाढल्या, सगळं त्याला हातावरूनच कळतं. सासूला सांगत नाही ते आम्ही त्याच्यापुढे बोलतो. तो कुठं बोलणार नाही म्हणून. आणि तू ते सरकारी वहीत लिहिलंस.’ मी म्हटलं, अगं पण त्यांनी चांगल्यासाठीच सांगितलं, मुलं वाचतील. ‘वाचतील,’ अक्का म्हणाली. ‘पण आता त्याला हात कोण देईल?’ आणि तिनं पिठाला हात घातला.

पुढच्या फेरीत मी दुरून बघितलं. कुणी भांडलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. आबा दाराशी जाऊन हाक द्यायचे आणि आतून गोड आवाजात यायचं, ‘आज नको, आबा. पुढला बाजारले दखू.’ एक दार, दुसरं, तिसरं. वरची आळी, खालची आळी. ते प्रत्येक दाराशी तेवढाच वेळ थांबायचे, जेवढा पूर्वी थांबायचे. माळा खांद्यावर तशाच भरलेल्या. आधी निंबखेडं, मग शेजारचं गाव, मग सगळी सात. बातमी बायकांच्या पायांनी जाते, आणि बायका मोटारीनं जात नसल्या तरी माझ्याआधी पोचत. मला मात्र पोतं टाकलं जात होतं. माझ्यावर कुणाचा राग नव्हता. मी सरकारचा, मला काय, मी लिहिणारच. मी कोपऱ्यावरून परत फिरलो. त्यांच्यासमोर जायची माझी हिंमत झाली नाही, हे लिहून टाकतो.

कायम झाल्याचा कागद उन्हाळ्यात आला. वडिलांचं पत्र आलं, दोन ओळींचं, आणि त्यात ‘अभिमान’ हा शब्द होता. अक्कानं अंगणात खापर मांडून मांडे केले. मी एक खाल्ला, दुसरा पानात मोडून ठेवला. नाना ओरडून म्हणाले, पोरगं दमलंय. अक्कानं खापरावर पुढचा मांडा टाकला.

त्यानंतर एका बाजारच्या दिवशी मी दोंडाईच्याला गेलो आणि आबांना शोधलं. मिरचीवाल्यांच्या पलीकडे, उन्हात, जमिनीवर कांबळं टाकून बसले होते. ज्यांना ते ओळखत नव्हते अशा दूरच्या गावच्या बायका समोर उकिडव्या बसून हात पुढे करत, भरून घेत आणि उठून जात. म्हैस व्याली का, भाऊ आला का, कुणी विचारत नव्हतं. आबा गप्प राहून बांगड्या भरत होते. एका बाईच्या हातावर अडली आणि वाढली, रक्त आलं. इतक्या महिन्यांत त्यांच्या हातून कुणाला लागलेलं मी पाहिलं नव्हतं. ती गेल्यावर त्यांनी मला बघितलं. ‘बठ,’ म्हणाले.

मी बसलो. म्हटलं, आबा, माझं चुकलं. त्यांनी विचारलं, ‘कायम व्हयना का?’ मी मान हलवली. ‘बरं व्हयनं,’ ते म्हणाले, आणि मला ते खरंच वाटलं, टोमणा नव्हता तो. मग त्यांनी माझा हात मागितला. मी दिला. पेरांवरून अंगठा फिरवला, अंगठा तळव्यात दुमडला, पंजा मुठीत घेऊन जरा दाबला आणि सोडून दिला. बांगडी घातली नाही. ‘हात नरम व्हयना तुन्हा,’ ते म्हणाले. तोवर ते मला मास्तर म्हणत, पहिल्यांदाच तू म्हणत होते. ‘आते तुले काम येस.’ एवढ्यात एक बाई येऊन बसली आणि मी उठून तिला जागा दिली.

त्यानंतर मी खूप वर्षं नोकरी केली. ही कामं शिकायला आलेल्या पोरांना मी सुईणींकडे पाठवलं, जिनिंगच्या गाडीवानांकडे पाठवलं, स्टेशनावरच्या हमालांकडे, आणि कासारांकडे तर पाठवलंच. आपल्या खात्यात राहून आपलं काम येत नाही, ते दुसऱ्याच्या ओट्यावर बसून येतं, हे मी त्यांना घोकून घोकून सांगितलं. माझ्या वह्यांतला शेऱ्याचा रकाना मात्र कोरा राहिला. दोन साहेबांनी त्यावरून झापलं, एकानं कामचुकार असा शेरा माझ्याच फायलीत मारला. निवृत्त होताना एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, एवढं काम, मग शेरे का नाहीत? मी म्हटलं, अक्षर चांगलं नाही माझं.

आता हे लिहितानाही नातीनं विचारलंच, आजोबा, त्या कासारांचं पूर्ण नाव द्या ना, त्यांच्या घरचं कुणी वाचलं तर त्यांना बरं वाटेल. मी पेन खाली ठेवलं. दगडू हे त्यांचं नाव नव्हतं. निंबखेडं हे त्या गावाचं नाव नाही, आणि पाटीलही वेगळे. त्यांचं खरं नाव, बापाच्या नावासकट, मी एकदा लिहिलं आहे. तेवढं पुरे.